दगडाची सायकल, रस्त्याची सायकल

सायकल ट्रायल्स या क्रीडाप्रकारात कोण आधी पोहोचले याला महत्त्व नसते. वाटेत निवडलेले किंवा मुद्दाम रचलेले अडथळे पाय जमिनीला न टेकवता पार करणे, एवढेच त्यात साधायचे असते. खडक, ओंडके, कठडे, भिंती, काँक्रीटचे ठोकळे, ट्रॅक्टरचे जुने टायर अशा कशावरही सायकल चढवायची, तिथे वीतभर जागेत तोल सांभाळायचा आणि तिथूनच पुढच्या अडथळ्याकडे झेपावायचे, असा हा खेळ आहे. त्यात काळाच्या ओघात दोन शैली वेगळ्या झाल्या आणि प्रत्येकीने आपापली सायकलही घडवून घेतली. एकीला ट्रायल्सच्या वर्तुळात ‘नॅचरल’ म्हणतात, तर दुसरीला ‘स्ट्रीट’. नावांवरून वाटते की पहिली रानावनातली आणि दुसरी शहरातली, आणि आरंभी ते बरेचसे खरेही होते; परंतु आजच्या घडीला जागेवरून या दोन शैली ओळखू गेल्यास हमखास फसगत होते. खरा फरक वेगाच्या हिशेबात आहे. लांब उडी जागेवर उभे राहून मारणे आणि धावत येऊन मारणे यांत जो फरक असतो, तोच या दोन शैलींत आहे, आणि सायकलीच्या सांगाड्यातील जवळजवळ प्रत्येक निर्णय त्या एका फरकापाशी येऊन पोहोचतो.

या खेळाचे मूळ मोटारसायकलीच्या ट्रायल्समध्ये आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये मोटारसायकली खराब, चढणीच्या आणि दगडगोट्यांच्या वाटांवर चालवून त्यांची व चालकाची परीक्षा घेण्याची पद्धत सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये सहा दिवस चालणारी अशी एक स्पर्धा त्या काळापासून आजतागायत होत आली आहे. 1960 च्या दशकात स्पेनमधील, त्यातही कॅटलोनियातील, बुल्ताको आणि मोंतेसा या कंपन्यांनी खास ट्रायल्ससाठी हलक्या मोटारसायकली बनवल्या आणि तिथे या खेळाचे वेड पसरले. मोंतेसा कंपनीचे चालक पेरे पी यांचा ‘कोता’ या गाजलेल्या मोटारसायकलीच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. मोटारसायकल चालवण्याचे वय न झालेल्या मुलांनाही याच युक्त्या शिकता याव्यात, या विचारातून त्यांनी लहान चाकांची दणकट सायकल पुढे आणली. ‘मोंतेसिता’ हे तिचे नाव, आणि तिच्यावरील खेळाला म्हणू लागले ‘त्रियालसिन’, म्हणजे इंजिनाविना ट्रायल. पुढे पेरे पी यांनी ‘माँटी’ ही सायकलींची कंपनी उभी केली, आणि त्यांचा मुलगा ओत पी या खेळाचा जगज्जेता ठरला. आजही जागतिक स्पर्धेतील एक मुख्य गट 20 इंची चाकांचा आहे. धिप्पाड प्रौढ माणसे मुलांच्या आकाराच्या सायकलीवर स्वार झालेली पाहून नवख्या प्रेक्षकाला हसू येते, पण त्या चाकाची वंशावळ ही अशी आहे.

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने, म्हणजे यूसीआयने, 1986 मध्ये ट्रायल्सची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. 20 इंची चाकांच्या सायकलींना ‘मॉड’ म्हणण्याची रीत पडली, कारण त्या या खेळासाठी मुळापासून बदललेल्या होत्या. 26 इंची चाकांच्या सायकली माउंटन बाईकच्या कुळातल्या असल्याने त्यांना ‘स्टॉक’ म्हणू लागले. आज 26 इंची स्पर्धेची सायकल इतकी बदलली आहे की तिला दुकानातल्या माउंटन बाईकची बहीण म्हणणे धाडसाचे ठरेल, परंतु नाव मात्र टिकून आहे. महिलांसाठी स्वतंत्र गट 2001 पासून सुरू झाला.

नॅचरल शैली समजून घ्यायची तर स्पर्धेचे नियम आधी पाहावे लागतात, कारण ही शैली त्या नियमांच्या कुशीतच वाढली. स्पर्धेची जागा अनेक विभागांत वाटलेली असते आणि प्रत्येक विभागाला ‘सेक्शन’ म्हणतात. सेक्शनच्या दोन्ही कडांना फिती बांधलेल्या असतात, कोणत्या गटाने कुठून जायचे ते बाण दाखवतात आणि ठरलेल्या वेळेत, साधारणतः दोन मिनिटांत, तो विभाग पार करायचा असतो. पाय जमिनीला किंवा अडथळ्याला टेकला की तो ‘डॅब’ होतो आणि त्याचा एक दंडगुण लागतो. जुन्या पद्धतीत हे दंडगुण पाचपर्यंत जात, दोन्ही पाय टेकले किंवा सायकल फितीबाहेर गेली तर पाचही एकदम पदरात पडत, आणि दिवसअखेर ज्याच्या नावावर सर्वांत कमी गुण तो विजयी ठरे. एकदाही पाय न टेकवता सेक्शन पार केला तर तो ‘क्लीन’. अलीकडच्या वर्षांत यूसीआयने हा हिशेब उलटवून टप्प्याटप्प्याला गुण देण्याची पद्धत आणली आहे, त्यामुळे आता अधिक गुणांचा खेळाडू जिंकतो आणि फळ्यावरचे आकडे सामान्य प्रेक्षकालाही चटकन कळतात. पद्धत कोणतीही असो, पाय टेकणे हे पाप आणि थांबणे हा हक्क, हे तत्त्व कायम राहिले आहे. सायकल कितीही वेळा थांबवली, जागच्या जागी कितीही उड्या मारल्या तरी दंड नाही; घड्याळ तेवढे चालू असते.

थांबण्याची ही मुभा नॅचरल शैलीचा प्राण आहे. दोन खडकांमध्ये दीड-दोन मीटरचे अंतर आहे आणि ज्या खडकावर खेळाडू उभा आहे त्यावर दोन चाकेही पुरती मावत नाहीत, अशी स्थिती असेल तर वेग घेऊन येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. खेळाडू मागच्या चाकावर उभा राहतो, मागचा ब्रेक पूर्ण आवळलेला असतो, पुढचे चाक हवेत असते आणि छोट्या छोट्या उड्यांनी तो तोल शोधत असतो. मग तो गुडघे व कंबर वाकवून अंग खाली घेतो, सायकल किंचित पुढे कलू देतो आणि ती कलत असतानाच ब्रेक सोडून पुढच्या पायाने पायडलला एकच झटका देतो. त्या झटक्यात पायडल जेमतेम पाव फेरा फिरते. पण त्याच क्षणी पाय सरळ होतात, हात हँडलला पुढे ढकलतात आणि माणूस व सायकल मिळून जे काही साठवलेले असते ते सारे एका दिशेने मोकळे होते. पलीकडच्या खडकावर मागचे चाक आधी टेकते आणि टेकण्याच्या क्षणी ब्रेक पुन्हा आवळलेला असतो. या हालचालीला ‘पेडल किक’ म्हणतात आणि नॅचरल शैलीचे व्याकरण तिच्यावर उभे आहे. शेजारच्या उंच ठोकळ्यावर आडवी उडी मारणे म्हणजे ‘साइडहॉप’; आणि भिंतीकडे येऊन पुढचे चाक तिच्यावर आपटत त्या आधाराने मागचे चाक वर खेचणे म्हणजे ‘टॅप’. जाणकार या शैलीला कधी कधी या हालचालींच्याच नावांनी ओळखतात.

आता सायकलीकडे वळावे. पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती म्हणजे तिला सीट नसते. सबंध वेळ उभेच राहायचे असल्याने सीट हा निव्वळ अडसर ठरतो, म्हणून फ्रेमचा वरचा दांडा थेट मागच्या चाकाकडे उतरत जातो आणि गुडघ्यांना मोकळी जागा मिळते. गिअर एकच आणि तोही अतिशय हलका असतो. 26 इंची सायकलीवर पुढे 18 आणि मागे 15 दात ही जोडी नेहमीची. तिच्यात पायडलच्या एका फेऱ्याला सायकल जेमतेम अडीच मीटर सरकते, तर आपल्याकडची साधी काळी सायकल तेवढ्याच फेऱ्यात पाच मीटरांच्या पुढे जाते. 20 इंची सायकलीवर बहुधा 18 आणि 12 दात असतात. चाक लहान झाले म्हणून दातांचे प्रमाण वाढवले आणि एका फेऱ्यातील अंतर पुन्हा सव्वादोन-अडीच मीटरांच्याच आसपास आणून ठेवले, ही योगायोगाची गोष्ट नाही. पाव फेऱ्याच्या झटक्यात साधारण अर्धा-पाऊण मीटर चाक फिरावे, ही माणसाच्या पायाची सोय आहे आणि चाकाचा आकार बदलला तरी पाय बदलत नाही.

या सायकलींचे फ्रीव्हीलही विलक्षण असते. पायडल थांबले तरी चाक फिरू देणारा हा भाग साध्या सायकलीवर मागच्या चाकात असतो. ट्रायल्सच्या सायकलीवर तो पुढे, क्रँकवर बसवतात. बारा दातांच्या चिमुकल्या चकतीत फ्रीव्हीलची यंत्रणा मावणार कुठे, हे त्यामागचे एक कारण. आणि मागचा हब त्यामुळे हलका व साधा ठेवता येतो, हे दुसरे. अशा फ्रीव्हीलमध्ये 72, 108 किंवा त्याहूनही अधिक ठिकाणी पकड मिळते. 72 ठिकाणी पकड म्हणजे पायडल जास्तीत जास्त पाच अंश रिकामे फिरणार, त्यानंतर चेनला जोर मिळालाच पाहिजे. घरगुती सायकलीवर पायडल हाताने पुढेमागे हलवून पाहिले तर तिथे किती मोठा पोकळ टप्पा असतो ते कळते; खडकाच्या टोकावर उभे असताना पायडल तेवढे जरी रिकामे गेले, तरी खेळाडू उडी न घेता सरळ दरीत उतरेल.

ब्रेकची कथा आणखी रंजक आहे. कित्येक वर्षे नॅचरल खेळाडूंची पसंती रिमवर दाबणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकला, विशेषतः मागुरा या जर्मन कंपनीच्या एचएस 33 या ब्रेकला, राहिली आहे. परंतु गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या रिमवर रबर घसरण्याचा धोका असतो, म्हणून खेळाडू अँगल ग्राइंडर घेऊन रिमच्या बाजू मुद्दाम खरवडतात. चाक हळूहळू फिरवत, ग्राइंडरची चकती तिरकी धरून, रिमच्या कडेवर बारीक रेघांची खरड उठवायची. ती फार खोल गेली तर रिम कमजोर होते, उथळ राहिली तर काही आठवड्यांत झिजून सपाट होते. अशा रिमवर ब्रेक आवळला की किंचाळल्यासारखा आवाज होतो आणि चाक जागच्या जागी गोठते. ब्रेक जरासा लावणे, वेग थोडा कमी करणे हा प्रकार तिथे उरतच नाही. नॅचरल खेळाडूला तो नकोच असतो. त्याचे चाक एक तर सुटलेले असते, नाही तर जखडलेले.

मागचा टायर जाडजूड असतो आणि त्यात हवा इतकी कमी ठेवतात की तो दगडाच्या कडेवर दबून तिला मिठी मारतो. क्रँकच्या खाली एक जाड पट्टी किंवा कडे बसवलेले असते, ज्यावर सायकल खडकाला आपटली तरी चेन वाचते. फ्रेममधला सर्वांत निर्णायक आकडा मात्र क्रँकच्या आसाच्या उंचीचा. साध्या माउंटन बाईकवर हा आस दोन्ही चाकांच्या आसांना जोडणाऱ्या रेषेच्या खाली असतो, त्यामुळे स्वार जणू सायकलीच्या आत बसतो आणि सायकल वेगात स्थिर राहते. नॅचरल सायकलीवर तो त्या रेषेच्या कित्येक सेंटीमीटर वर नेलेला असतो. पाय उंचावर, हँडल पुढे लांबवर, अशा रचनेत स्वार सायकलीच्या डोक्यावर उभा राहतो. मागच्या चाकावर चढणे, तिथे टिकणे आणि तिथून झेपावणे सोपे होते. त्याची किंमत म्हणून हीच सायकल उतारावर वेगात सोडली तर ती चंचल आणि अवघड वाटते. 20 इंची सायकल सात-आठ किलोंची, 26 इंची त्याहून थोडी जड. वजन कमी करण्यासाठी रिमलाही भोके पाडलेली असतात.

स्ट्रीट शैलीचा जन्म स्पर्धेच्या फितीबाहेर झाला. ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकात मार्टिन ॲश्टन, मार्टिन हॉज यांच्यासारखे खेळाडू माउंटन बाईकवर ट्रायल्सच्या युक्त्या करत, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या हान्स रे यांनी अशाच करामतींवर सबंध कारकीर्द उभारली. त्यांच्या चित्रफिती पाहून वाढलेल्या पिढीला डोंगरापेक्षा शहराचा चौक जवळचा होता, आणि कठडे, पायऱ्या, बाके, रेलिंग यांची तिथे कमतरता नव्हती. पंच नाही, फीत नाही, दोन मिनिटे नाहीत. म्हणून थांबण्याचा हक्कही निरुपयोगी झाला. उलट, न थांबता एका अडथळ्याचा वेग दुसऱ्यावर कसा नेता येईल, हाच प्रश्न रंगतदार ठरला. त्यात बीएमएक्सच्या युक्त्या मिसळल्या: पायडल न मारता पुढचे चाक उचलून केवळ मागच्या चाकावर वाहत जाणे म्हणजे ‘मॅन्युअल’, चालत्या सायकलीची आधी पुढची आणि मग मागची बाजू उचलून मारलेली उडी म्हणजे ‘बनीहॉप’, हवेत अर्धी गिरकी घेऊन उतरल्यावर उलटे वाहत जाणे म्हणजे ‘फेकी’.

ही शैली जगाच्या डोळ्यांत भरली ती एप्रिल 2009 मध्ये. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील डनव्हेगन गावचा डॅनी मॅकॲस्किल हा तरुण तेव्हा एडिंबरातील एका सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. डेव्ह साउअरबी या मित्राने काही महिने खपून शहरात चित्रित केलेली त्याची साडेपाच मिनिटांची फीत इंटरनेटवर आली आणि ती आजवर तीन कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. टोकदार सळ्यांच्या लोखंडी कुंपणावरून सायकल नेण्याच्या प्रयत्नात तो पुन्हा पुन्हा पडतो, हे ती फीत लपवत नाही, उलट आरंभीच दाखवते. आणि ते दाखवणे हीच तिची खरी हुशारी होती, कारण त्यामुळे हा खेळ न पाहिलेल्या माणसालाही अडचणीचे माप मिळते. नॅचरल शैलीतील जगज्जेत्यांच्या वाट्याला अशी कीर्ती क्वचितच आली. स्पेनच्या बेनितो रोस यांनी 20 इंची गटात वर्षानुवर्षे राज्य केले, बेल्जियमच्या केनी बेलाए यांनी 26 इंची गटात जागतिक अजिंक्यपदे मिळवली, तरी सायकल खेळाबाहेर त्यांची नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत. दोन मीटरच्या दगडी फटीपुढे अर्धा मिनिट डुलत राहणाऱ्या माणसाचे कसब ओळखायला पाहणाऱ्यालाही थोडी तालीम लागते. कुंपणावरून धावणारी सायकल मात्र शाळकरी पोरालाही कळते. या तफावतीला अन्याय म्हणता येईल, पण ती समजण्यासारखी आहे.

मॅकॲस्किलच्या त्या फितीतील सायकल इन्स्पायर्ड या ब्रिटिश कंपनीची आणि 24 इंची चाकांची होती, आणि हाच आकार पुढे स्ट्रीट शैलीची ओळख बनला. 26 इंची चाक गिरक्यांसाठी मोठे, तर 20 इंची चाक फरशीच्या फटीत आणि पायऱ्यांच्या कडेत अडखळणारे. 24 इंच हा त्यांतला व्यवहारी मार्ग. क्रँकचा आस इथे खाली आणलेला असतो, चाकांच्या आसांच्या पातळीत किंवा किंचित वर, जेणेकरून सायकल वेगात शांत राहावी. मागचे चाक क्रँकच्या अगदी जवळ ओढलेले असते, कारण मागचा भाग जितका आखूड तितके पुढचे चाक सहज उचलले जाते आणि गिरकी लवकर पुरी होते. हँडल उंच आणि जवळ असते. लहानशी सीटही अनेकदा असते, बसण्यासाठी फारशी नव्हे, तर हवेत सायकल गुडघ्यांत पकडण्यासाठी. दहा-अकरा किलोंचे वजन इथे कोणी मनाला लावून घेत नाही. दोन मीटर उंचीवरून फरशीवर उतरणाऱ्या फ्रेमला भोके पाडलेली रिम परवडत नाही.

ब्रेकचा कलही इथे डिस्ककडे आहे. मॅन्युअल करताना सायकल फार मागे कलली तर मागचा ब्रेक बोटाने किंचित स्पर्शून तिला सावरावे लागते, आणि खरवडलेल्या रिमवर असा हलका स्पर्श शक्य नसतो. शिवाय आपटून रिम थोडी वाकडी झाली तरी डिस्क ब्रेक चालत राहतो. फ्रीव्हीलही बहुधा आपल्या नेहमीच्या जागी, मागच्या चाकात परतते. ते क्रँकवर असेल तर पाय स्थिर असतानाही चाकाबरोबर चेन आणि पुढची चकती फिरतच राहते, आणि लांबवर वाहत जाणाऱ्या स्वाराच्या पँटला ते मानवत नाही.

इतके सांगून झाल्यावर नावांच्या घोळाकडे परतता येते. स्पर्धेचे ट्रायल्स आता डोंगरातून बरेचसे शहरात आले आहे. यूसीआयने 2017 मध्ये चीनमधील चंगडू येथे शहरी सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली तेव्हा ट्रायल्स तिच्यात होते, आणि 2023 मध्ये ग्लासगोतील मोठ्या सायकल महोत्सवातही ते शहरातील मैदानावरच झाले. खडक आणि ओंडके तिथे ट्रकमधून आणून रचले जातात, त्यांच्या जोडीला काँक्रीटच्या नळ्या आणि लाकडी खोकी असतात. तरीही स्वार ज्या पद्धतीने त्यांवर चढतात ती नखशिखान्त नॅचरलच. याउलट मॅकॲस्किल 2014 मध्ये ‘द रिज’ या फितीसाठी स्काय बेटावरील कुलिन पर्वताच्या सुरीसारख्या कड्यावर गेला. जागा याहून नैसर्गिक असू शकत नाही, पण तिथे त्याने ट्रायल्सची सायकल नेलीच नाही, माउंटन बाईक नेली, आणि उताराचा वेग हातात ठेवून तो धार उतरला. त्याआधी, 2012 मध्ये, मार्टिन ॲश्टन यांनी ‘रोड बाईक पार्टी’ या फितीत पिनारेलो कंपनीच्या महागड्या, बारीक टायरच्या शर्यतीच्या सायकलीवर ट्रायल्सच्या साऱ्या युक्त्या करून दाखवल्या होत्या. पुढच्या वर्षी एका प्रात्यक्षिकात पडून त्यांना कायमचे अपंगत्व आले आणि त्या फितीचा अर्धवट राहिलेला दुसरा भाग मॅकॲस्किल आणि ख्रिस ॲक्रिग यांनी पूर्ण केला. मुरलेल्या खेळाडूला विशिष्ट सायकलीवाचून अडत नाही, हे या फितींवरून दिसते; मात्र त्यावरून सायकलीची रचना गौण आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण वीस वर्षांचे कसब यंत्राची उणीव भरून काढते, नवशिक्याकडे भरून काढायला काहीच नसते.

दोन्ही शैलींचे अभिमानी एकमेकांना टोमणे मारण्यात कमी नाहीत. स्ट्रीटवाल्यांना नॅचरल म्हणजे सीट नसलेल्या यंत्रावरचे बेंगरूळ उड्या मारणे वाटते. नॅचरलवाल्यांच्या मते स्ट्रीटमध्ये अडथळा स्वतःच निवडायचा, शंभरदा पडायचे आणि एकदा जमले की तेवढेच कॅमेऱ्यात ठेवायचे, यात परीक्षा कसली. दुसऱ्या आक्षेपात तथ्य अधिक आहे. सेक्शनमध्ये अडथळा दुसऱ्याने रचलेला असतो आणि संधी एकच मिळते. ती शिस्त कॅमेऱ्याला आणता येत नाही. उलट कल्पकतेच्या बाबतीत नॅचरल शैली नियमांच्या सावलीत काहीशी खुरटली, हेही मान्य करावे लागते, कारण गुण न देणारी सुंदर हालचाल करण्यात तिथे कोणालाच रस नसतो.

नव्याने शिकणाऱ्याला मात्र या वादात लगेच पडावे लागत नाही. सायकल जागच्या जागी उभी धरणे, मग दोन्ही ब्रेक आवळून दोन्ही चाकांवर उड्या मारणे आणि त्यानंतर मागच्या चाकावर टिकून राहणे, हा क्रम दोन्हींकडे सारखाच आहे, आणि चांगले ब्रेक व हलका गिअर असलेल्या कोणत्याही मजबूत सायकलीवर त्याचा सराव सुरू करता येतो. मागच्या चाकावर उभे राहिल्यानंतर पहिल्यांदा पेडल किक मारावीशी वाटते की गिरकी घ्यावीशी वाटते, यावरून पुढची सायकल कोणती घ्यायची ते बहुधा ठरते.